गाठी मारलेल्या वायरी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि शेवटी काय ठरलं ते दोघींनाही कळत नाही. शिवाय तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. हे पत्र तू एकटीने वाच.

तू लिहिलंस ते मला नीट समजलंय का, हे आधी मांडते, म्हणजे मागून 'ताई, तू ऐकतच नाहीस' असं म्हणायला नको. तुझ्या मुलाने कारखान्यात माल वाहणाऱ्या पट्ट्याची जोडणी केली. त्यात दोन वायरींची अदलाबदल झाली, पट्टा उलटा फिरला, खोकी घसरली आणि एका वयस्क हमालाच्या पायावर पडली. पाय मोडला. सुपरवायझरने मुलाला घरी बसवलंय. सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं लक्ष नव्हतं' असं कबूल कर आणि माफी माग, मग परत घेतो, असं त्याचं म्हणणं. मुलगा माफी मागायला तयार आहे, पण 'लक्ष नव्हतं' हे दोन शब्द काही केल्या बोलत नाही. का नाही, तेही सांगत नाही. मेहुणेबुवांनी बजावलंय, सोमवारी मी स्वतः घेऊन जाणार, आणि तिथे तोंड उघडलं नाहीस तर परत या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि तू मला विनवतेस, ताई, तो फक्त तुलाच घाबरतो, तूच त्याला चांगलं खडसावून लिही.

खडसावायला मला फार वेळ लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. बसलेही होते लिहायला. दोन ओळी झाल्या, चांगल्या झणझणीत होत्या, आणि मग मी तो कागद फाडून टाकला. का, ते सांगते. पण त्यासाठी तुला माझ्या गाडीच्या स्टिरिओची हकीकत ऐकावी लागेल. सुस्कारा टाकू नकोस. मी उगाच पाल्हाळ लावणारी बाई नाही.

गाडी म्हणजे आपल्या अप्पांचीच. ती माझ्याकडे आल्यापासून तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, पण तिच्यात अप्पांनी स्वतः बसवलेला जो स्टिरिओ होता, त्याने गेल्या वर्षापासून उच्छाद मांडला होता. खड्ड्यातून गेलं की आवाज बंद. डॅशबोर्डवर थाप मारली की चालू. बातम्या लावल्या की 'निवडणुकीत प्रचंड मतांनी विजयी झाले' इथपर्यंत ऐकू यायचं, पुढे खड्डा, आणि कोण विजयी झालं ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळायचं. एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने थापा, असं मी कितीतरी दिवस चालवलं. लेक म्हणाली, आई, गाडीच बदल आता. मी म्हटलं, गाडी उत्तम चालते, फक्त तिची वाचा जाते मधूनमधून. आपल्या घरात ज्यांची वाचा कधीच जात नाही त्यांना आपण सांभाळतोच ना.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ठरवलं की तुझ्याकडे यायचं, आणि यायचं तर एवढ्या लांबच्या रस्त्याला रेडिओ हवा. म्हणून गाडी घेऊन गेले टायरवाल्याच्या शेजारी जो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन बसतो त्याच्याकडे. माणूस बोलका. आधी त्याने मला भिंतीवर लावलेले मोठे पडदे दाखवले. 'काकू, यात नकाशा दिसतो, फोन दिसतो, मागची गाडी दिसते.' मी म्हटलं, मला पुढची दिसते, तेवढं पुरे आहे. मला फिरवायचं बटण असलेला साधा रेडिओ दे. त्याचा चेहरा पडला, पण त्याने फळीवरून धूळ झटकून एक काढला.

जुना स्टिरिओ बाहेर काढायला त्याच्याकडे पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दोन्ही कडांना त्या आत सरकवायच्या आणि ओढायचं, की अख्खा डबा ड्रॉवरसारखा हातात येतो. तसा तो आला. आणि मागे बघून इलेक्ट्रिशियनने जीभ टाळ्याला लावून चक् केलं. कंपनीच्या गाडीत तिथे एक प्लग असतो, म्हणे. सगळ्या वायरी त्या प्लगमध्ये, ओढला की सुटला, खोचला की बसला. आमच्या गाडीत प्लग नव्हताच. कोणीतरी तो कापून टाकून प्रत्येक वायर वेगवेगळी जोडली होती, आणि लांबी पुरत नव्हती म्हणून मध्ये दुसऱ्या वायरींचे तुकडे घातले होते. हिरवे, लाल, तपकिरी, हाताला येतील तसे. मूळच्या वायरी डॅशबोर्डच्या आत खोल, चिकटपट्टीत गुंडाळलेल्या. बाहेर दिसत होते ते फक्त हे तुकडे.

आता तो कितीही बोलका असला तरी आधी टेस्टर लावून बघायला हवं होतं, आणि हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. पण घाईत होता. लाल म्हणजे करंट, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं, असं म्हणत त्याने रंग बघून नवा रेडिओ जोडला आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. मी फिरवली. आत कुठेतरी ठप् असा आवाज झाला, जळका वास आला आणि डॅशबोर्डवरचं घड्याळसुद्धा गेलं. फ्यूज उडाला होता. नशिबाने तेवढाच. तो ओरडला, 'कुठल्या आंधळ्याने केलंय हे काम?' मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. त्याने एवढी मोठी जीभ चावली. 'नाही, म्हणजे काकू, हात चांगला होता त्यांचा.'

आणि खरंच चांगला होता. मग त्याने नवा फ्यूज घातला, शांतपणे खाली बसला, टेस्टरचा दिवा हातात घेतला आणि एकेक जोड उलगडून बघायला लागला. प्रत्येक जोड सोल्डर केलेला, वर रबरी नळी चढवलेली, इतक्या वर्षांत एकही ढिला झालेला नव्हता. आवाज जायचा तो स्टिरिओच्या पोटातल्या दोषामुळे. अप्पांच्या कामामुळे नाही. इलेक्ट्रिशियन राहून राहून म्हणत होता, 'इतका नेटका माणूस, पण रंगाकडे बघितलंच नाही बघा. अर्थिंगच्या वायरीला लाल तुकडा कोण जोडतं? दिवे घालवून केल्यासारखं केलंय.'

मी गाडीच्या दारात उभी राहून बघत होते, आणि मला त्या तुकड्यांवर गाठी दिसल्या. प्रत्येकाच्या टोकाजवळ. त्याला वाटलं, वायर सरकू नये म्हणून मारल्या असतील. पण एकीवर एक गाठ होती, एकीवर दोन, एकीवर तीन. स्पीकरच्या जोड्यांना पार शेवटी, वेगळ्या, दुहेरी. एक गाठवाली अर्थिंगची निघाली. दोनवाली थेट बॅटरीची. तिसरीला टेस्टर लावायच्या आधीच मी त्याला सांगितलं, ही किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणार. त्याने किल्ली फिरवली, दिवा लागला. त्याने माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघितलं. जादू कसली, त्यानेच मघाशी सांगितलं होतं की रेडिओला करंटच्या दोनच वायरी, एक बॅटरीची आणि एक किल्लीची; आणि गाठी म्हणजे आकडे, हे मला घरूनच ठाऊक. आपल्या दातांच्या ब्रशांना अप्पा दोरा बांधायचे ते आठवतं? त्यांच्या ब्रशाला एक गाठ, आईच्या दोन, माझ्या तीन, तुझ्या चार. चारही ब्रश चार रंगांचे असायचे, मग दोरा कशाला, असं आई वैतागून विचारायची, आणि अप्पा म्हणायचे, असू दे, शोभा आहे.

रेडिओ लागला. उत्तम लागतो. मी निघाले. चौकात सिग्नलला थांबले होते, दिवा बदलला, आणि मी सवयीने स्वतःशीच म्हणाले, 'खालचा लागला, चला.' अप्पा असंच म्हणायचे. 'वरचा आहे, थांबू या.' 'खालचा लागला.' लाल आणि हिरवा हे शब्द गाडीत त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकले नव्हते. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी चौकाच्या मधोमध होते. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला. कडेला घेतली गाडी आणि बसून राहिले.

मग एकामागून एक आठवत गेलं. हॉस्पिटलजवळ तो आडवा सिग्नल होता, तीन दिवे एका रांगेत. त्या रस्त्याने अप्पा कधीही गेले नाहीत; बाजाराला केवढा तरी वळसा घालायचे, आणि आपण मागच्या सीटवर म्हणायचो, अप्पांना रस्ता कळत नाही. टोमॅटो आणायला पाठवलं की हिरवेगार घेऊन यायचे, आणि आई म्हणायची, या माणसाचं लक्ष असतं तरी कुठे. एक मोजा तपकिरी, एक हिरवा. वेंधळे अप्पा! आणि ती बढती. पंपघरातून नियंत्रण कक्षात जायची. तू लहान होतीस, पण त्यावरून जे रामायण झालं ते तुला आठवत असेल. अप्पांनी बढती नाकारली. कारण विचारलं तर म्हणाले, पंपाची सवय झालीय. आई कितीतरी वर्षं ऐकवत होती, 'तुमच्या मागून आलेले साहेब झाले, तुम्ही बसा तेल पुसत.' मला एकदा कॉलेजातून परतताना अप्पांचा डबा त्यांच्या साहेबाच्या हाती द्यायला त्या नियंत्रण कक्षात जावं लागलं होतं. अख्खी भिंत भरून बारीक दिवे. लाल आणि हिरवे. बाकी काही नाही.

अप्पांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते, धाकटे. आणि हे त्यांना माहीत होतं. माहीत नसलेला माणूस गाठी मारत बसत नाही.

आता तू म्हणशील, ताई, अप्पा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझ्या घराला आग लागलेली असताना तू हे काय सांगत बसलीस. सांगते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले आणि नंतर सगळी हयात विमा कचेरीत घालवली, त्यामुळे शिकलेलं बहुतेक गंजलं. पण हे एक लक्षात राहिलं होतं, आणि तरी खात्री करून घ्यावी म्हणून चष्म्याच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आले. हा दोष वडिलांकडून मुलींकडे जातो. सगळ्या मुलींकडे. मुलींना स्वतःला सगळे रंग ठीक दिसतात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पण त्या मुलींच्या मुलांना तो असू शकतो. छापा की काटा, इतका सरळ हिशेब. मला मुलगी आहे, म्हणून माझ्या घरात हे कधी वर आलं नाही. तुला मुलगा आहे.

आता तुझंच पत्र परत काढून वाच. सुपरवायझरची तक्रार तू शब्दन् शब्द उतरवली आहेस. 'दहादा विचारतो, ही कुठली वायर, ती कुठली. डोळे काय खुंटीला टांगून येतो काय?' बदललेल्या वायरी कुठल्या, तेही तूच लिहिलंस: एक तपकिरी, एक हिरवी. आणि त्या शेडमध्ये पिवळे दिवे आहेत म्हणून तुझ्या मुलाने एकदा कुरकूर केली होती, तेव्हा मेहुणेबुवा म्हणाले होते, काम करणाऱ्याला उजेड लागत नाही. शाळेत त्याने झाडाची सगळी पानं तपकिरी रंगवली आणि तू ते चित्र 'पानगळ काढलीय बघा' म्हणून दारावर चिकटवलंस. माझ्याकडे येताना तो केळी आणतो ती नेहमी इतकी कच्ची की खिडकीत ठेवून वाट बघावी लागते. मला वाटायचं, दुकानदार फसवतो.

मेहुणेबुवांचं ते वाक्यही तू लिहिलं आहेस, की आमच्या घराण्यात असला बेफिकीर कोणी निपजला नाही. त्यांना सांग, अगदी बरोबर आहे. त्यांच्या घराण्याचा यात काहीच हात नाही. हे आमच्याकडून आलंय, आणि बेफिकिरी हे त्याचं नाव नाही.

माझी पक्की खात्री आहे का? नाही. ठिपक्यांनी भरलेले तक्ते असतात, त्यात आकडे लपवलेले असतात; ते दाखवले की लगेच कळतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय, तुमच्या गावातही कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतं. पण तक्ते बघायच्या आधीच मला एक गोष्ट दिसतेय, ती तुझ्या पत्रातच आहे. मुलगा माफी मागायला तयार आहे आणि 'लक्ष नव्हतं' म्हणायला तयार नाही. कारण ते खोटं आहे. त्या शेडमध्ये त्याच्याइतकं लक्ष कोणाचंच नसेल. दुसऱ्याला नजर टाकली की कळतं, तिथे याला प्रत्येक वायर डोळ्यांजवळ धरून, शेजारच्याला विचारून, मनात नोंदवून ठेवावी लागते. आणि खरं कारणही तो सांगत नाही, कारण ते सांगितलं तर त्याला परत कोणी वायरीला हात लावू देईल का, ही त्याला धास्ती आहे. म्हणजे त्यालाही माहीत आहे. बापाकडून गाढव म्हणवून घेणं त्याला परवडतंय, हे सांगणं परवडत नाही. अप्पांनीही आयुष्यभर हेच केलं. भित्रा म्हणवून घेतलं, वेंधळा म्हणवून घेतलं.

पण मी त्याला सोडून देणार नाही, हेही ऐकून ठेव. अप्पांच्या गाठी अप्पांपुरत्या ठीक होत्या. त्या गाडीला दुसऱ्याचा हात लागला आणि फ्यूज उडाला. तुझ्या मुलाच्या बाबतीत फ्यूज नाही उडाला, एका म्हाताऱ्या माणसाचा पाय मोडला. त्या माणसाला आपला पाय कशाने मोडला हे खरं खरं कळायला हवं. 'लक्ष नव्हतं' असं सांगून त्याची बोळवण करायची आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी हात मोडायचा, हे चालणार नाही. माफी त्याने मागायचीच, आणि ती आधी त्या हमालाच्या घरी जाऊन. मग सुपरवायझरला सांगायचं की मला या दोन वायरी सारख्या दिसतात. प्रत्येक वायरीला आकडे लावून द्या, टेस्टर लावल्याशिवाय मी काही जोडणार नाही, नाहीतर मला दुसऱ्या कामावर घाला. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर त्या कारखान्याबाहेरही जग आहे. हात चांगला असेल त्याचा. आजोबांचा होता.

आता हे सगळं मी त्याला न लिहिता तुला का लिहिलं, ते सांगते आणि थांबते. मी त्याला विचारलं, तर तो 'नाही' म्हणेल. माझ्या आवाजात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला पोरं आधी 'नाही' म्हणतात. माझी लेक अजून म्हणते. एकदा तो 'नाही' म्हणाला की मग त्या 'नाही'ला धरून बसेल, आणि सोमवार उजाडेल. म्हणून हे तू कर, आणि बाप घरात नसताना कर. त्याला काही विचारू नकोस. टोमॅटो समोर धरून परीक्षा घेऊ नकोस. रडू नकोस. हातात काहीतरी काम असू दे, आणि मावशीची बातमी सांगितल्यासारखं एवढंच सांग, की तुझ्या आजोबांना लाल आणि हिरवा कळत नव्हता, मावशीला ते आत्ता कळलं, आणि तिला फार वाईट वाटलं की त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. बस्स. पुढे गप्प राहा. तुला ते जमतं. मला जन्मात जमलं नाही. तो लगेच बोलणार नाही, उठून जाईल बहुतेक. जाऊ दे. दार उघडं ठेव. मी रविवारी दुपारपर्यंत पोचते आणि मेहुणेबुवांना मी बघते, तो भाग माझा. पण मी यायच्या आत त्याने हे कोणाला तरी आपल्या तोंडाने सांगितलेलं असावं, आणि ती तू असावीस, असं मला वाटतं.

तुझीच,
ताई